त्रेचाळीस पताका आणि एक दोरी

सुब्बा सर दोन दिवसांच्या शिबिरासाठी सिलिगुडीला गेले आणि तज्ज्ञ होऊन परत आले. इथूनच सगळं सुरू झालं.

जाताना ते आमच्या शाळेचे साधेसुधे मुख्याध्यापक होते. येताना त्यांच्या काखेत निळी फाईल होती आणि चेहऱ्यावर शिबिर होतं. आल्या आल्या त्यांनी मला ऑफिसात बोलावून विचारलं, "प्रधान मिस, तुमच्या वसतिगृहातल्या मुली आनंदी आहेत का?"

मी म्हटलं, "त्रेचाळीस आहेत सर."

यात माझं काय चुकलं सांगा. एकोणीस वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक आहे. मुली किती, असं विचारणारे पुष्कळ भेटले. कशा, असं विचारणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. सरांनी उत्तर मनावर घेतलं नाही. त्यांनी फायलीतून एक फॉर्म काढला. उभ्या त्रेचाळीस ओळी, आडवे पाच रकाने. आनंदी, ठीक, काळजीत, उदास, रागावलेली. रोज सकाळी प्रत्येकीच्या नावापुढे एका रकान्यात खूण करायची आणि महिनाअखेरीला फॉर्म वर पाठवायचा. वर म्हणजे कुठे, हे सरांनाही नक्की ठाऊक नव्हतं.

आता खरं सांगायचं तर एखादीचं बिनसलंय हे कळायला मला रकाना लागत नाही. जिचा एकच मोजा वाळत असतो तिचं काहीतरी बिनसलेलं असतं. जी न मागता शेजारणीच्या ताटात डल्ले मिरचीचं लोणचं वाढते तिचं भांडण मिटलेलं असतं. आणि सकाळची वेण्यांची रांग तर मी सगळ्यांत आधी बघते. आमच्याकडे आरसे दोन आणि वेण्या शहाऐंशी. म्हणून मुली जिन्यावर एकीखाली एक बसतात, जी ती आपल्या पुढचीच्या वेण्या घालते, सगळ्यांत वरची तेवढी आरशासमोर आपल्या घालते, आणि घंटा व्हायच्या आत वरच्या पायरीपासून खालच्या पायरीपर्यंत सगळ्यांची डोकी नीट झालेली असतात. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. थोरल्या मुली पास होऊन जातात, धाकट्या येतात, रांग तशीच. एकोणीस वर्षं मी रोज हे बघते आणि रोज जिन्याच्या तोंडाशी थबकते. फक्त यंदा त्या रांगेत बेचाळीसच जणी होत्या.

त्रेचाळिसावी ओंगमू. वय वर्षं नऊ. लाचेनच्याही वर, जिथे झाडं संपतात आणि याक सुरू होतात, तिथल्या गावची. आली त्या दिवसापासून ती आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेली. ट्रंकेला याकच्या केसांची काळी-पांढरी जाड दोरी आवळलेली होती, ती तिने सोडलीच नव्हती. शाळेचा गणवेश आम्ही दिला तो घालायची, चार घास खायची, वर्गात फळ्यावरचं मुकाट उतरवायची आणि परत येऊन ट्रंकेवर बसायची. बोलणं नाही. रडणंसुद्धा नाही, म्हणजे समजूत घालायची तर कशाची, हाही प्रश्नच.

तिचे आपा, म्हणजे वडील, तिला सोडून जाताना मला म्हणाले होते, "मिस, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येतो. रमली तर ठेवतो, नाही तर नेतो. पोर असं बसलेलं असलं की मला चढ चढवत नाही."

वरच्या गावांतल्या मुलींसाठी आमच्याकडे एक राखीव जागा आहे. माझ्यादेखत त्या जागेवर तीन मुली आल्या आणि तिघी महिन्याच्या आत परत गेल्या. तिघींची नावं मला अजून पाठ आहेत. चौथीला जाऊ द्यायचं नाही असं मी पक्कं ठरवलं होतं. त्यासाठी काय करायचं, एवढंच ठरायचं बाकी होतं.

तर फॉर्म. मी नाश्त्याला दारात फॉर्म घेऊन उभी राहिले आणि एकेकीला विचारलं. बेचाळीस जणी म्हणाल्या, "ठीक, मिस." ओंगमूने माझ्या पेनाकडे पाहिलं आणि पुढे गेली. दुसऱ्या दिवशीही बेचाळीस ठीक. तिसऱ्या दिवशीही. यामागचं कारण मला माहीत होतं, पण ते मी सरांना सांगितलं नाही. आमच्याकडे कोणी 'मिस, बरं वाटत नाही' म्हटलं, मग ते पोट असो की मन, की मी तिला ओव्याचा काढा पाजते. माझा काढा चांगलाच आहे. पण तो प्यायलेली मुलगी पुन्हा आजारी पडत नाही हे त्याच्या गुणामुळे की चवीमुळे, यावर मुलींचं आणि माझं एकमत नाही.

सरांनी फॉर्म बघून मान हलवली. "प्रधान मिस, सिलिगुडीत स्पष्ट सांगितलंय. सगळ्यांची उत्तरं सारखी आली तर दोष विचारणाऱ्यात असतो."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत मला असं कोणी बोललं नव्हतं. मी घरी आले. घर म्हणजे वसतिगृहाच्याच कोपऱ्यातल्या दोन खोल्या. आमचे हे वीजखात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तोंडाने विचारतेस म्हणून. खांबावर दिवा लावतो तसं काहीतरी कर. चालू की बंद, लांबून दिसलं पाहिजे."

यांच्या बोलण्यातून मला कल्पना सुचली, हे मी एरवी कबूल केलं नसतं. पण पुढे जे झालं त्यातला निम्मा दोष यांच्याकडे जावा म्हणून सांगते.

कल्पना अशी. प्रत्येक मुलीने रोज सकाळी आपल्या मनासारख्या रंगाची पताका उचलायची आणि वसतिगृहामागच्या डोंगरधारेवर बांधलेल्या दोरीला लावायची. तोंड उघडायला नको, काढा नको. मी खिडकीतून रंग मोजणार. नामचीच्या बाजारात शिंप्याकडे गेले तर त्याच्याकडे नेमक्या पाच रंगांच्या कापडाची चळत तयार होती. निळं, पांढरं, लाल, हिरवं, पिवळं. ते त्याच्याकडे का होतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला मात्र रकाने पाच आणि रंग पाच, हाच ईश्वरी संकेत वाटला. पिवळा आनंदी, हिरवा ठीक, पांढरा काळजीत, निळा उदास, लाल रागावलेली. यांनी नायलॉनची दोरी आणली आणि एक टोक उत्तिसाच्या झाडाला, दुसरं विजेच्या खांबाला बांधलं. खांब दिसला की यांना राहवत नाही.

मंगळवारी सकाळी उद्घाटन झालं. बेचाळीस पताका वाऱ्यावर फडफडायला लागल्या आणि मी स्वतःवरच इतकी खूश झाले की खिडकीत उभी राहून मोजायचंच विसरले. ओंगमू दाराच्या चौकटीला टेकून दोरीकडे बघत होती. तिने पताका घेतली नाही, पण तिच्या कपाळाला आठी पडली. चोवीस दिवसांत त्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललेलं पाहून मला वाटलं, चला, कल्पना लागू पडली.

बुधवारी आठवीच्या चौदा जणींनी लाल पताका लावल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, "मिस, लाल वाऱ्यावर उठून दिसतं." हे मला कळलं; स्वयंपाकघरातल्या फुलमती दीदीला नाही. ती हातात डाव घेऊन अंगणात आली.

"चौदा जणी रागावल्यात? माझ्या डाळीवर?"

"डाळीवर नाही ग दीदी, नुसत्याच."

"नुसतं कोण रागावतं? मी बारा वर्षं डाळ करते. बोलायचं असेल तर तोंडावर बोला म्हणावं, कपडे वाळत घालून काय बोलता?" त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुन्द्रुकचं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं, पाणी आणि भात. गुरुवारी दोरीवर खरोखरच एकतीस लाल पताका होत्या, आणि त्या उठून दिसतात म्हणून लावलेल्या नव्हत्या. त्यातच दुपारी वारा सुटला आणि नायलॉनच्या गाठी सुटून नऊ जणींचा आनंद कोबीच्या वाफ्यात पडला. त्यातला एक शेजारच्या बोकडाने खाल्ला.

बोकड सांगे दाजूंचा. दाजू म्हणजे इथलं दादा; त्यांचं आमच्या फाटकासमोर चहाचं दुकान आहे. चहा ते बरा करतात, पण त्यांचा खरा धंदा सल्ला देण्याचा. बोकडाला शोधत आले ते दोरीखाली उभे राहिले, टोपी काढली, आणि म्हणाले, "बहिणी, या कोणत्या दिवशी लावल्यास?"

"मंगळवारी. का?"

त्यांनी बंडीतून पंचांग काढलं, एक पान उलटलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "त्या मंगळवारी पताका लावायच्या नसतात. त्या दिवशी लावलेली पताका जोवर फडफडते तोवर लावणाऱ्याच्या मागची विघ्नं हटत नाहीत."

"दाजू, या तुमच्या पाचरंगी प्रार्थनेच्या पताका नाहीत. यांवर मंत्र कुठे आहे? या मुलींच्या मनःस्थितीच्या आहेत."

"वारा काय वाचून मग वाहतो?"

त्याच संध्याकाळी पाण्याचा पंप बंद पडला, यांची दाढ सुजली, आणि सरांची जीप बाजाराच्या चढावर उलटी घसरत पोलीसचौकीपर्यंत गेली. मी अंधश्रद्धाळू नाही. पण दाजूंनी हे तिन्ही प्रसंग चहाबरोबर प्रत्येक गिऱ्हाइकाला दिले. शुक्रवार उजाडला तेव्हा दोन म्हाताऱ्या जपमाळ घेऊन वसतिगृहाला प्रदक्षिणा घालत होत्या, माझ्यावरचं संकट टळावं म्हणून. मी खिडकीतून हात जोडले. दुसरं काय करणार?

सकाळी दहाला वीजखात्याचा माणूस नोटीस घेऊन आला: खांबाला परक्या वस्तू बांधल्याबद्दल. यांनी दाढ धरून त्याच्याशी वाद घातला आणि 'मी नोकरीत होतो तेव्हा, तेव्हा...' असं हे म्हणत असतानाच तो निघून गेला. अकराला गटकार्यालयातून फोन. सार्वजनिक ठिकाणी ध्वज उभारायला परवानगी लागते. मी धापा टाकत तिथे गेले. बाबूने अर्ज पुढे केला.

"ध्वजाचा प्रकार लिहा. धार्मिक, राजकीय की लग्नाचा?"

"मनःस्थितीचा."

"तो रकाना नाही."

"अहो, रकान्यांसाठीच तर लावलाय तो!"

बाबूने मला पाणी दिलं. परत आले तर सर वाट बघत उभे. "प्रधान मिस, उद्या शनिवार. पालक येणार. ते लोंबतंय ते आज खाली आलं पाहिजे."

'ते लोंबतंय ते.' ज्याच्यासाठी मी चार दिवस जिवाचं रान केलं ते आता लोंबत होतं. आणि उद्या शनिवार, हे मला सरांनी सांगायची गरज नव्हती. उद्या ओंगमूचे आपा येणार, ट्रंक तशीच्या तशी बांधलेली सापडणार, आणि पाठीवर चढवून ते चालू लागणार. मी रंग मोजत बसले, आणि जी एक मोजायला हवी होती तिच्याकडे चार दिवस नीट बघितलंही नव्हतं. पताका काढायला स्टुलावर चढले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते वाऱ्यामुळे नव्हतं.

नायलॉनचा गुंता हातात आला. मी चिडून पताका ओढल्या आणि खाली चिखलात टाकायला लागले. एक, दोन, तीन.

"खाली नाही टाकायच्या."

बारीक पण खणखणीत आवाज. मी स्टुलावरून वळून पाहिलं. ओंगमू उभी होती. तिने वाकून तिन्ही पताका उचलल्या, फ्रॉकला पुसल्या आणि छातीशी धरल्या. कपाळावर तीच मंगळवारची आठी.

मी स्टुलावर तशीच थिजले. मला वाटलं, मी हलले तर हा आवाज परत जाईल.

"सगळंच चुकलंय मिस," ती म्हणाली. "दिवस चुकला. दोरी चुकली, या दोरीवर गाठ बसत नाही. आणि रंग पण कसेही लावलेत. आधी निळा, तो आकाश. मग पांढरा, ढग. मग लाल, विस्तव. हिरवा पाणी. पिवळा जमीन. माझे आपा खिंडीत लावतात. दरवर्षी. मी दोरी धरते."

"तू धरतेस?"

"दुसऱ्या कोणाकडून ढिली पडते."

नऊ वर्षांची पोर, खिंडीतल्या वाऱ्यात दोरी धरून उभी. मी हिला सत्तावीस दिवस ओव्याचा काढा द्यावा का, याचा विचार करत होते.

मी हळूच म्हटलं, "पण ओंगमू, या तशा पताका नव्हत्या ग. प्रत्येकीने आपल्या मनासारखा एक रंग लावायचा होता."

"एकीला एकच कसा?" तिला खरोखरच कोडं पडलं होतं. "पाच मिळून एक पताका होते. एकेकटा रंग कोणी लावत नाही."

"मग कोण उदास आहे ते मला कसं कळणार?"

"विचारायचं."

"विचारते की. सगळ्या ठीक म्हणतात."

ओंगमूने जराशी कीव येऊन माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कागद घेऊन विचारता, मिस."

सिलिगुडीचं शिबिर दोन दिवसांचं होतं. हे एवढं वाक्य तिथे कोणी बोललं असेल असं मला वाटत नाही. मी स्टुलावरून उतरले. ती तोवर फाटकाकडे निघाली होती. रस्ता ओलांडून ती सांगे दाजूंच्या पुढ्यात उभी राहिली आणि चांगला दिवस कधी, असं विचारलं. दाजूंना सल्ला मागणारं माणूस भेटलं होतं, तेही नेमका प्रश्न विचारणारं. त्यांनी दोनदा पंचांग पाहिलं आणि उभं राहून उत्तर दिलं, "उद्या. सूर्य उगवल्यापासून दहापर्यंत."

परत येऊन ओंगमू सरळ आपल्या खोलीत गेली. ट्रंकेवर नेहमीच्या जागी न बसता खाली गुडघे टेकून बसली आणि दातांनी गाठ सैल करायला लागली. दारात आठवीच्या मुली गर्दी करून उभ्या. याकच्या केसांची ती काळी-पांढरी दोरी वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटली, आणि ओंगमू म्हणाली, "ही पुरेल. सुया आहेत का कोणाकडे?"

बेचाळीस मुलींनी बेचाळीस सुया काढल्या. त्या दिवशी दुपारी आमच्या व्हरांड्यात जे शिवणकाम झालं त्याची नोंद मी कोणत्या फॉर्ममध्ये करू? निळ्याला पांढरा, पांढऱ्याला लाल, अशा त्रेचाळीस पताका, पाच-पाच रंगांच्या. ओंगमू मधून फिरत होती. पंधरा वर्षांच्या मुलींचे टाके उसवायला लावत होती आणि त्या उसवत होत्या. कापड कमी पडलं तशी फुलमती दीदी आपला हिरवा पदर कापून घेऊन आली. "पाणी कमी पडतंय म्हणे," एवढंच म्हणाली. रात्रीच्या जेवणाला डाळ होती.

शनिवारी सूर्य वर आला आणि दोरी उत्तिसाच्या झाडापासून दुसऱ्या उत्तिसाच्या झाडापर्यंत चढली. विजेच्या खांबाकडे यांना मी बघूसुद्धा दिलं नाही. एक टोक ओंगमूने धरलं होतं. वारा आला, पताका एकदम फुगल्या, आणि खालून बघताना मला माझं वय, हुद्दा, सरांची फाईल, काही आठवेना. सर तावातावाने आले होते. तोंड उघडून उभे राहिले आणि मग त्यांनीही, दाजूंसारखी, टोपी काढली.

नऊच्या सुमाराला आपा आले. उंच, उन्हाने रापलेले, खांद्यावर ट्रंक वाहून न्यायचा कपाळपट्टा. ते आधी दोरीकडे बघतच राहिले. मग त्यांनी ओंगमूकडे पाहिलं.

"चलायचं ना?" त्यांनी विचारलं.

ओंगमूने मान खाली घातली. आपा खोलीत गेले आणि ट्रंक घेऊन बाहेर आले. झाकण उघडंच पडत होतं.

"दोरी कुठाय हिची?"

ओंगमूने वर बोट केलं.

"काढ."

"चांगल्या दिवशी लावलेली काढायची नसते, आपा," ती म्हणाली. "विरेपर्यंत ठेवायची. तुम्हीच सांगता."

आपा पुढे झाले. झाडाजवळ गेले, गाठ हाताने चाचपली, दोरी ओढून पाहिली. ती तसूभर हलली नाही. मग त्यांनी ट्रंक उचलून परत आत नेली आणि भिंतीला नीट लावून ठेवली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात खांद्यावरचा पट्टा होता. त्याची नीट घडी करून त्यांनी तो खिशात घातला, छुर्पीची, याकच्या दुधाच्या वाळवलेल्या चीजची, पिशवी लेकीच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "दोरी विरायला वर्ष जाईल, मिस. तेव्हा नवी घेऊन येतो."

आणि ते चालू लागले. ओंगमू फाटकापर्यंत गेली, वळणावर ते दिसेनासे होईपर्यंत उभी राहिली, आणि तेव्हा, अठ्ठावीस दिवसांचं राहिलेलं, मोकळेपणाने रडली. मी काढा केला नाही.

महिनाअखेरीला मी फॉर्ममध्ये प्रत्येकीच्या नावापुढे पाचही रकान्यांत खुणा केल्या. सरांनी तो बघितला, खिडकीतून दोरीकडे बघितलं आणि फॉर्म वर पाठवून दिला. वरून अजून काही आलेलं नाही.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सकाळी मी वेण्यांच्या रांगेपाशी थबकले तर सगळ्यांत वरच्या पायरीवर ओंगमू बसली होती, पुढच्या मुलीचे केस बोटांत घेऊन. तिच्या मागे कोणी नव्हतं. मी कंगवा घेतला आणि तिच्या मागे जाऊन बसले. एकोणीस वर्षांत त्या जिन्यावर मी पहिल्यांदा बसले. तिचे केस विंचरत विचारलं, "कशी आहेस ग?"

तिचे हात पुढच्या वेणीत चालूच होते. "आईची आठवण येते, मिस," ती म्हणाली. "जरा घट्ट घाला. ढिली पडते तुमची."